अन्नप्रक्रिया कारखान्यातील फोर्कलिफ्ट आणि पॅलेट जॅकची सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक-निफाडची द्राक्ष पॅकहाउस, रत्नागिरीचे आंबा गराचे कारखाने, जळगावचे कांदा निर्जलीकरणाचे प्रकल्प, दूध संघांची शीतगृहे, गोवा-सिंधुदुर्गातील काजू कारखाने, यांत माल निराळा असला तरी तो हलवणारी साधने सारखीच आहेत. प्रशिक्षणाच्या वेळी कामगार, सुपरवायझर आणि मालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

अन्नप्रक्रिया कारखान्यातील धोका इतर गोदामांपेक्षा वेगळा का मानायचा?

कारण येथे फरशी दिवसातून अनेकदा धुतली जाते, एका दारापलीकडे तापमान तीस-पस्तीस अंशांनी बदलते आणि यंत्राच्या वाटेवर माणसांची गर्दी असते. सिमेंटच्या गोदामात फोर्कलिफ्टजवळ दोन-तीन माणसे असतील, पण द्राक्षांच्या हंगामात ग्रेडिंग हॉलमधून चहाच्या सुट्टीत एकाच वेळी शंभर बायका बाहेर पडतात आणि तीच वाट फोर्कलिफ्टची असते.

दुसरे कारण कमी बोलले जाते. आपल्याकडे अन्नसुरक्षेची वही गुणवत्ता विभागाकडे असते आणि कामगारांच्या सुरक्षेची वही सेफ्टी ऑफिसरकडे. दोन्ही वह्या वेगवेगळ्या कपाटांत राहतात, चाक मात्र एकच असते. हायड्रॉलिक तेलाची गळती ही एकाच वेळी घसरून पडण्याचे कारण असते आणि मालात तेल मिसळण्याचेही. फुटक्या लाकडी पॅलेटचा (माल रचण्याच्या फळीचा) खिळा कामगाराच्या तळव्यात जाऊ शकतो, तसाच तो मालातही सापडू शकतो. म्हणूनच या पानावर दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

फोर्कलिफ्ट चालवण्यासाठी आरटीओचे लायसन्स पुरेसे आहे का?

नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली विशेष प्रकारची वाहने वगळलेली आहेत. त्यामुळे गेटच्या आत प्रश्न आरटीओचा राहत नाही, तो कारखान्याच्या भोगवटादाराचा, म्हणजे कारखान्याचा ताबा असलेल्या जबाबदार व्यक्तीचा होतो. कामगाराला योग्य प्रशिक्षण देण्याची आणि कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. कारखाने अधिनियम, १९४८ आणि त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, दोन्हींचे म्हणणे या बाबतीत एकच आहे. तीच फोर्कलिफ्ट औद्योगिक वसाहतीतील सार्वजनिक रस्ता ओलांडून समोरच्या प्लॉटवर जाऊ लागली, तर मात्र ती सवलत उरत नाही. असा रस्ता अनेक ठिकाणी रोज ओलांडला जातो आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते.

टेम्पो उत्तम चालवणारा माणूस फोर्कलिफ्टवर बसताच चुकतो, याचे कारण स्टिअरिंग मागच्या चाकांना असते. वळताना यंत्राचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला फिरतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला भिंतीशी किंवा रॅकशी दाबतो. रस्त्यावरची सवय येथे उपयोगी पडत नाही, उलट नडते. ऑपरेटर किमान १८ वर्षांचा असावा, त्याला त्याच प्रकारच्या यंत्रावर आणि आपल्याच कारखान्याच्या फरशीवर शिकवावे, चाचणी घ्यावी आणि व्यवस्थापनाने त्याला त्या यंत्रासाठी लेखी अधिकारपत्र द्यावे. रीच ट्रक (फोर्क पुढे सरकवून उंच रॅकमधला माल काढणारे यंत्र), बसून चालवायची फोर्कलिफ्ट आणि बॅटरीवरचा पॅलेट ट्रक ही तीन वेगळी यंत्रे आहेत. एकाचे प्रशिक्षण दुसऱ्याला लागू धरू नये.

पाटीवर «२ टन» लिहिले आहे म्हणजे दोन टन उचलता येतातच ना?

ती क्षमता ठरावीक अंतरासाठी असते. या आकाराच्या बहुतेक फोर्कलिफ्टच्या पाटीवर भार-केंद्राचे अंतर ५०० मिलिमीटर दिलेले असते, म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या दोन पात्यांच्या) उभ्या पाठीपासून अर्ध्या मीटरवर असला पाहिजे. १२०० मिलिमीटर लांबीचे पॅलेट लांबीच्या बाजूने उचलले, तर मध्य ६०० मिलिमीटरवर जातो. अचूक आकडा यंत्राच्या तक्त्यातूनच घ्यावा, पण मुद्दाम सावध ठेवलेला ढोबळ हिशेब असा : २००० ला ५०० ने गुणून ६०० ने भागले की सुमारे १६७० किलो उरतात. उंची वाढली की क्षमता आणखी कमी होते. ड्रम क्लॅम्प (ड्रम पकडणारा चिमटा) किंवा साइड शिफ्टर (फोर्क आडवे सरकवणारा जोड) बसवला असेल, तर निर्मात्याकडून नवी क्षमता लिहून घेऊन पाटी बदलावी लागते.

आंब्याच्या गराचे उदाहरण घेऊ. ॲसेप्टिक (निर्जंतुक) पिशवीतला गर साधारण २१५ किलोच्या ड्रममध्ये भरतात आणि एका पॅलेटवर चार ड्रम बसतात. नुसता गर ८६० किलो झाला. लोखंडी ड्रम आणि पॅलेट धरून वजन ९०० किलोच्या वर जाते. अशी दोन पॅलेट एकावर एक ठेवून एकदम उचलली, की १८०० किलोच्या पुढचा भार होतो. ऑपरेटर म्हणतो, «दोन टनांच्या आतच आहे.» पण आता भाराचा मध्य वर गेलेला असतो, मागची चाके हलकी झालेली असतात आणि स्टिअरिंग सैल लागू लागते. स्टिअरिंग अचानक हलके लागणे हाच इशारा समजून भार लगेच खाली घ्यावा. काउंटरवेटवर (तोल राखणाऱ्या मागच्या वजनावर) दोन माणसे बसवून तोल साधण्याची पद्धत अजूनही कुठे कुठे दिसते. ती तत्काळ बंद झाली पाहिजे, कारण यंत्र उलटले तर सर्वांत आधी तीच माणसे चिरडली जातात.

फोर्कलिफ्ट उलटते कशी, आणि उलटू लागली तर ऑपरेटरने काय करावे?

चार चाके दिसत असली, तरी तोल तीन बिंदूंवर असतो. पुढची दोन चाके हे दोन बिंदू आणि मागच्या ॲक्सलचा मधला खिळा हा तिसरा. या त्रिकोणाच्या बाहेर गुरुत्वमध्य गेला की यंत्र आडवे होते. भरलेल्या यंत्रापेक्षा रिकामे यंत्र सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. फोर्क वर ठेवून वेगाने वळलेली रिकामी फोर्कलिफ्टही बाजूला उलटते. अर्धवट भरलेली हजार लिटरची टाकी विशेष जपून न्यावी, कारण वळताना आतले द्रव एका बाजूला धावते आणि गुरुत्वमध्य स्वतःच जागा बदलतो.

चालताना फोर्क फरशीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) किंचित मागे झुकलेला असावा. रॅम्पवर भरलेल्या यंत्राचा माल नेहमी चढाच्या बाजूला राहील असे चालवावे, म्हणजे चढताना पुढे जावे आणि उतरताना रिव्हर्समध्ये. रिकाम्या यंत्राचे उलट, म्हणजे फोर्क उताराच्या बाजूला. रॅम्पवर वळू नये.

यंत्र उलटू लागलेच, तर उडी मारू नये. माणूस ज्या बाजूला उडी मारतो, त्याच बाजूला वरचे छत कोसळते. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये सीट बेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि अंग पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकवावे. उभे राहून चालवायच्या आणि मागून उघड्या असलेल्या रीच ट्रकमध्ये मात्र मागच्या बाजूने पाऊल टाकून बाहेर पडायचे असते. या दोन सूचना परस्परविरुद्ध असल्याने आपल्याकडे कोणते यंत्र आहे ते पाहून सराव घ्यावा.

फोर्कलिफ्टच्या वाटेवर चालणाऱ्या माणसांचे काय करायचे? सूचना तर रोज देतो.

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. «सांभाळून चालव» आणि «बघून चाला» या दोन वाक्यांवर विसंबलेली व्यवस्था पहिल्या गडबडीच्या रात्रपाळीत कोलमडते. दोन टनी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजनच साधारण साडेतीन टन असते, म्हणजे चार छोट्या मोटारींइतके. भार धरून पाच टनांच्या वर जाते. एवढे यंत्र ओल्या फरशीवर जागच्या जागी थांबत नाही. शिवाय भार असताना करकचून ब्रेक दाबला, तर माल पुढे घसरून समोरच्याच माणसावर पडतो.

म्हणून वाटा वेगळ्या कराव्या लागतात, आणि रंगाच्या पट्ट्याने वाट वेगळी होत नाही. धुण्याच्या रसायनांनी पिवळा पट्टा एका हंगामात पुसट होतो आणि त्यावर रिकामे क्रेट येऊन बसतात. जमिनीत रोवलेला कठडा लागतो. माणसांचे दार आणि फोर्कलिफ्टचे दार वेगळे लागते. ते शक्य नसेल तेथे वेळ वेगळी करावी : सुट्टीची बेल झाली की दहा मिनिटे फोर्कलिफ्ट उभी राहील, फोर्क जमिनीला टेकलेले असतील आणि चावी ऑपरेटरच्या खिशात असेल. द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये ही पद्धत सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठवड्यात कंटेनर उशिरा भरेल अशी ओरड झाली होती. प्रत्यक्षात गर्दीतून वाट काढण्यात जाणारा वेळच वाचला.

प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा ही जागा मला सर्वांत जास्त भीतिदायक वाटते. नवा पडदा पारदर्शक असतो. दोन-तीन महिन्यांत त्यावर ओरखडे पडतात, शीतगृहाच्या दारावर दव साचते आणि तो दुधी काचेसारखा होतो. पलीकडे माणूस आहे की नाही, हे कोणालाच दिसत नाही. ऑपरेटरने पडद्यापाशी पूर्ण थांबून हॉर्न द्यावा, हा नियम हवाच. पण पट्ट्या वेळेवर बदलणे आणि पायी जाणाऱ्यांना त्या दारातून न सोडणे, हा खरा उपाय आहे. यंत्राच्या पुढे-मागे फरशीवर निळा ठिपका पाडणारा दिवा गोंगाटात उपयोगी पडतो, कारण कॉम्प्रेसरच्या आवाजात आणि कानटोपीत हॉर्न ऐकू येत नाही.

भारामुळे समोरचे दिसत नसेल, तर यंत्र रिव्हर्समध्ये चालवावे. चढावर ते शक्य नसल्याने तेथे वाट दाखवणारा माणूस घ्यावा, आणि ऑपरेटरला तो दिसेनासा होताच यंत्र थांबले पाहिजे. दुपट्टा, साडीचा पदर आणि ॲप्रनचे बंद आत खोचलेले असावेत. ही सूचना शिस्तीची म्हणून न देता चाकात काय अडकते ते समजावून दिली, तर ती पाळली जाते.

हाताने ओढायच्या पॅलेट जॅकलाही प्रशिक्षण लागते का? ती तर साधी ट्रॉली आहे.

लागते. तिला इंजिन नाही, चावी नाही, म्हणून ती कोणीही उचलतो. सकाळी भरती झालेला मुलगा दुपारी ती ओढत असतो. तरी तिची क्षमता बहुधा २५०० किलो असते, आणि साध्या हँड पॅलेट जॅकला ब्रेक नसतो, ही गोष्ट अनेकांना माहीतच नसते.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. फळप्रक्रियेच्या एका कारखान्यात डॉककडे (ट्रकमध्ये माल चढवण्याच्या फलाटाकडे) जाणारा जेमतेम दहा-बारा फुटांचा उतार होता. कामावर येऊन दुसरा आठवडा असलेला, विशीतला एक मुलगा भरलेला जॅक सपाटीवर ओढत आला, तसाच पुढे चालत उतारावर घेऊन निघाला. फरशी नुकतीच धुतलेली होती. दोन पावलांत मालाने त्याला गाठले आणि पुढच्या चाकांची लोखंडी चौकट त्याच्या टाचेवर आली. गमबूट मागून ब्लेडने कापावा तसा उघडला होता. तो ओरडलासुद्धा नाही, बुटाकडे पाहत राहिला. टाचेची शीर तुटली होती. हँडलवरची तरफ वर, उतरवण्याच्या जागी ओढली की फोर्क बसतात आणि पॅलेट जमिनीला टेकून जागीच थांबते, एवढे त्याला कोणी सांगितले असते तर त्याचे बोट त्या तरफेपासून दोन इंचांवर होते.

म्हणून प्रशिक्षणाची पहिली पाच मिनिटे त्या तरफेसाठी द्यावीत. तिच्या तीन जागा असतात : उचलणे, मधली मोकळी आणि उतरवणे. प्रत्येकाने भरलेले पॅलेट चालता चालता खाली बसवून दाखवावे. उताराचा हिशेबही सांगावा. बारा फुटांत एक फूट उतरणाऱ्या रॅम्पवर ९०० किलोचे पॅलेट जवळपास ७५ किलोच्या ओढीने खाली जाते. एक माणूस ते ओल्या फरशीवर धरू शकत नाही. अशा रॅम्पवर हाताचा जॅक वापरूच नये, ब्रेक असलेला बॅटरीवरचा ट्रक वापरावा, आणि तोही माणूस उताराच्या बाजूला राहणार नाही अशा रीतीने. जॅकवर उभे राहून घसरत जाणे हा खेळ रात्रपाळीत सर्रास चालतो. सुपरवायझरने तो पाहून न पाहिल्यासारखे करू नये.

पॅलेट जॅक ढकलावा की ओढावा?

सपाट फरशीवर, समोरचे दिसत असेल तर ढकलावा. त्यात पाठीवर ताण कमी येतो आणि टाच चाकापुढे राहत नाही. वळवून जागेवर लावताना ओढावे लागते, तेव्हा शरीर हँडलच्या एका बाजूला ठेवावे. बॅटरीवरच्या ट्रकमध्ये हँडलच्या टोकाला पोटाशी दाबले जाणारे लाल बटण असते. माणूस यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये सापडला तर ते ट्रकला मागे घेते. रोज सकाळी रिकाम्या ट्रकवर ते दाबून पाहावे.

ओल्या फरशीवर नेमकी काय काळजी घ्यावी?

धुलाई आणि माल हलवणे एकाच वेळी, एकाच जागी करू नये. नुसत्या पाण्यापेक्षा पाण्यात मिसळलेला गर, कांद्याचे पापुद्रे, तुपाचा अंश आणि फेस जास्त घसरडा असतो. गटाराच्या जाळ्या फरशीच्या पातळीत आणि घट्ट बसलेल्या असाव्यात, कारण जॅकची लहान चाके हललेल्या जाळीत अडकतात आणि पूर्ण भार एका बाजूला कलतो. चाके पॉलियुरेथेनची असावीत. कडक नायलॉनच्या चाकांपेक्षा ती फरशी चांगली धरतात. पायात पोलादी टोकाचे, न घसरणारे गमबूट हवेत. पांढरा गमबूट स्वच्छतेसाठी असतो म्हणून त्यात पोलादी टोक असतेच असे नाही. खरेदी करताना ते मुद्दाम पाहावे.

शीतगृहात कोणते वेगळे धोके असतात?

उणे १८ अंशांच्या खोलीतून यंत्र बाहेर आले की मास्टवर, स्टिअरिंगवर आणि ऑपरेटरच्या चष्म्यावर दव धरते. परत आत गेल्यावर तेच दव गोठते. दाराच्या उंबऱ्यावर बर्फाचा पातळ थर जमतो आणि तो दिसत नाही. प्रत्येक पाळीला तो खरवडावा आणि दाराची गळती दुरुस्त करावी. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, त्यामुळे चार्ज नेहमीपेक्षा लवकर संपतो. भर रॅकमध्ये, माल वर असताना यंत्र बंद पडणे हा वेगळाच प्रसंग होतो. जाड हातमोज्यांत लिव्हर नीट कळत नाहीत आणि गारठलेला माणूस उशिरा प्रतिसाद देतो. म्हणून ऑपरेटरला ठरलेल्या वेळाने उबेत आणलेच पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे.

मोठ्या शीतगृहांत थंडावा अमोनियावर चालतो. कूलर आणि नळ्या छताजवळ असतात, आणि उंच केलेला मास्ट किंवा वरचे पॅलेट त्यांना धडकू शकते. दारात उंचीची मर्यादा दाखवणारा आडवा दांडा लावावा, आणि नळ्या व व्हॉल्व्ह यांच्यापुढे पोलादी संरक्षण उभारावे. धडक बसून गळती झाली, तर यंत्र तेथेच सोडून वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला जमावे. अमोनिया हवेपेक्षा हलका असला, तरी दमट हवेत त्याचा गार पांढरा ढग जमिनीलगत पसरतो. माल वाचवण्यासाठी कोणीही आत परतू नये.

डिझेल किंवा गॅसवरची फोर्कलिफ्ट आत वापरता येईल का?

उत्पादन विभागात आणि शीतगृहात नाही. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद शीतगृहात तो साचत जातो. डोके दुखणे, मळमळ, सुस्ती या तक्रारींना कामगार «थंडीमुळे होतंय» म्हणतात आणि आतच राहतात. धुराचा वास लोण्याला, चहाला, सुक्या मेव्याला लागतो तो निराळाच. डिझेलची यंत्रे उघड्या यार्डापुरती ठेवावीत.

जेथे पिठाची, साखरेची किंवा स्टार्चची धूळ उडते, तेथे साधे इलेक्ट्रिक यंत्रही ठिणगीमुळे धोक्याचे ठरते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात फेब्रुवारी २००८ मध्ये साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मरण पावले. ते फोर्कलिफ्टमुळे घडले नव्हते, पण साखरेची धूळ स्फोटक असते यावर विश्वास न बसणाऱ्यांनी ते आठवावे. अशा विभागात धूळ झाडून काढणे आणि त्या जागेसाठी प्रमाणित केलेलेच यंत्र वापरणे, दोन्ही आवश्यक आहे.

बॅटरी चार्जिंगची जागा कशी असावी?

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की तो ठिणगीने पेटू शकतो. तो वर जातो, म्हणून हवा बाहेर काढण्याची सोय छताजवळ असावी. खोली मालापासून आणि पॅकिंगच्या पुठ्ठ्यांपासून दूर असावी. आधी चार्जर बंद करून मग केबल काढावी. डिस्टिल्ड वॉटर साधारणपणे चार्जिंग संपल्यावर घालावे, कारण आधी भरलेले पाणी चार्जिंगमध्ये फुगून ॲसिडसह बाहेर येते. अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे. डोळे धुण्याची सोय हाताच्या अंतरावर हवी.

कंटेनर भरताना डॉकवर काय तपासावे?

चाळीस फुटी रेफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये साधारण वीस पॅलेट बसतात, म्हणजे एका कंटेनरसाठी यंत्र सुमारे वीस वेळा आत जाते आणि बाहेर येते. या काळात गाडी इंचभरही हलता कामा नये. दोन्ही बाजूंच्या चाकांना पाचरी लावाव्यात आणि ट्रकची चावी डॉक सुपरवायझरच्या खिळ्यावर टांगलेली असावी. रात्रभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला असतो. कोणीतरी बॉनेट ठोकते, «झालं» असे त्याला वाटते आणि तो गाडी पुढे घेतो. फोर्कलिफ्ट डॉक आणि कंटेनर यांमधल्या फटीत कोसळते. चावी खिळ्यावर असेल तर हे घडतच नाही. पुढचा ट्रॅक्टर सोडवून ट्रेलर एकटाच उभा असेल, तर त्याच्या नाकाखाली आधार द्यावा.

उंचावरचा माल काढायला किंवा दिवा बदलायला माणसाला फोर्कवर उभे केले तर?

कधीही करू नये. पॅलेटवर, क्रेटमध्ये किंवा फोर्कवर उभ्या माणसाला धरायला काही नसते, आणि लिव्हरला चुकून लागलेला कोपर पुरेसा असतो. शिडी, मचाण किंवा माणसे उचलण्यासाठीच बनवलेले साधन वापरावे. उचललेल्या फोर्कखाली उभे राहणे आणि मास्टच्या साखळ्यांमधून हात घालणे, यांनाही हाच नियम लागू आहे.

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने या यंत्रांबाबत काय पाळावे?

कच्च्या मालाच्या विभागातील जॅक तयार मालाच्या विभागात जाऊ देऊ नये. हँडलला रंग देऊन विभाग ठरवावेत आणि तो रंग फरशीच्या रेषेशी जुळावा. लिस्टेरियासारखे जंतू थंड, ओल्या जागीही वाढतात, आणि चाकांच्या खोबणीत साचलेले पाणी त्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेते. शेंगदाण्याचा कूट चाकाला लागून बिस्किटांच्या विभागात गेला, तर ॲलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. मालाच्या आसपास फिरणाऱ्या यंत्राच्या साखळ्यांना अन्नाशी अनवधानाने संपर्क झाला तरी चालेल अशा एच-१ वर्गाचे वंगण वापरावे.

निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या कणसाचा शिक्का असतो. उष्णतेची प्रक्रिया केलेल्या लाकडाचा गाभा किमान ३० मिनिटे ५६ अंशांवर तापवलेला असतो. तो शिक्का लाकडातील किडीबद्दल सांगतो, स्वच्छतेबद्दल किंवा मजबुतीबद्दल नाही. तडकलेले पॅलेट शिक्का असला तरी बाजूला काढावे. उघडे अन्न असलेल्या खोलीत प्लॅस्टिकचीच पॅलेट असावीत.

रोजच्या तपासणीत काय पाहायचे?

पाळी सुरू होताना ऑपरेटरने ब्रेक, हॉर्न, सीट बेल्ट, दिवे, टायर, साखळ्या आणि यंत्राखालची फरशी पाहावी. फोर्क जेथे वळतो त्या टाचेजवळ भेग आहे का, हे कापडाने पुसून बघावे. तेथील जाडी मूळच्या १० टक्क्यांनी झिजली की फोर्क वापरातून काढावा, कारण तेवढ्या झिजेने ताकद सुमारे २० टक्क्यांनी घटलेली असते. हायड्रॉलिक नळीची गळती बोटाने चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखालचे तेल कातडीत घुसते, वर फक्त ठिपका दिसतो आणि आत हात सडू लागतो. असा ठिपका दिसल्यास दुखत नसले, तरी त्याच तासात रुग्णालय गाठावे आणि दाबाखालचे तेल टोचले गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दोष लिहिल्यावर यंत्र बंद ठेवण्याचा अधिकार ऑपरेटरला नसेल, तर ती तपासणी नुसती सही होते. महिनाभर रोज सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण असलेला तक्ता मी कधीच खरा धरत नाही.

अपघात झाल्यास प्रथम काय करावे?

यंत्र बंद करावे, माल आणखी घसरणार नाही हे पाहावे आणि १०८ ला फोन करावा. खाली अडकलेल्या माणसाला घाईने ओढू नये, आणि दुसऱ्या फोर्कलिफ्टने पहिली उचलण्याचा प्रयत्न जाणकाराच्या सूचनेशिवाय करू नये. चिरडलेल्या पायातला बूट जागेवर ओढून काढू नये, मात्र रक्त वाहत असेल तर दाब द्यावा. जखमी कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणे बंधनकारक आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरीही.

थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहून ठेवावेत. रॅकचा वाकलेला खांब हा तसाच एक प्रसंग असतो, फक्त तो कोणी सांगितलेला नसतो. सांगणाऱ्याचा पगार कापला गेला, तर पुढचा खांब कोणी सांगणार नाही.

हंगामात नवी माणसे येतात, ठेकेदाराचे ऑपरेटर बदलतात. तेव्हा काय करावे?

जानेवारी ते एप्रिल या द्राक्ष हंगामात आणि त्यापुढच्या आंब्याच्या दिवसांत पॅकहाउसमध्ये येणारे अनेक कामगार फोर्कलिफ्ट पहिल्यांदाच पाहत असतात. त्यांना पहिल्या दिवशी, काम सुरू होण्याआधी, ऑपरेटरच्या सीटवर बसवावे. समोर पॅलेट असताना आपण त्याला दिसत नाही, हे तेथून पाहिलेला माणूस यंत्रापुढून पळत जात नाही. ऑपरेटर उत्तर प्रदेश किंवा बिहारचा असेल, तर सूचना हिंदीत आणि हातांच्या खुणांनी द्याव्यात, आणि थांबण्याची खूण एकच असावी. माथाडी कामगार आणि फोर्कलिफ्ट एकाच डॉकवर काम करत असतील, तर गाडी वाटून घ्यावी : एका गाडीत एकतर हाताने माल चढेल किंवा यंत्राने. पाठीवर पोते घेतलेल्या माणसाला मागचे दिसत नाही आणि पटकन बाजूलाही होता येत नाही.

यंदा फक्त एकाच गोष्टीला पैसे आहेत. कशाला द्यावेत?

माणसांच्या वाटेच्या कठड्याला. कॅमेरे, सेन्सर आणि दिवे पुढच्या वर्षी घेता येतील. एका सुट्टीच्या वेळी डॉकजवळ अर्धा तास उभे राहून माणसे प्रत्यक्षात कोठून चालतात, ते खडूने फरशीवर काढावे. नकाशावरची वाट आणि ही वाट सहसा जुळत नाही. पाण्याच्या टाकीकडे किंवा हजेरीच्या यंत्राकडे जाणारी जवळची वाट लोक सोडत नाहीत. शक्य असेल तर टाकी आणि हजेरीचे यंत्रच हलवावे. उरलेल्या वाटेवर कठडा घालावा आणि ओलांडण्याच्या जागी आतल्या बाजूला उघडणारे छोटे फाटक बसवावे, म्हणजे बाहेर पाऊल टाकण्यासाठी माणसाला क्षणभर थांबून फाटक स्वतःकडे ओढावे लागते.